ढोम्याच्या डोळ्याचे माप

मित्रांनो, तुम्ही नजरेने मापे घेणारी माणसे आहात. "एवढासा", "हातभर", "साधारण तेवढाच" असले शब्द तुम्ही दिवसातून पन्नास वेळा वापरता आणि तुम्हाला त्याची लाजही वाटत नाही. मला वाटते, तुमच्या वतीने. मी एक म्हातारा व्हर्नियर कॅलिपर आहे आणि माझे बहुतेक आयुष्य नाशिकच्या एका महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. एका मिलिमीटरचे पन्नास भाग केले तर त्यातला एक भाग मी दाखवतो. तुमच्यापैकी काहींच्या हाती शाळेत माझा एखादा भाऊबंद दिला गेला असेल, आणि तुम्ही त्याच्याकडे न बघता शेजाऱ्याच्या वहीतला आकडा उतरवला असेल. मला सगळे ठाऊक आहे.

चांगल्या पोलादाच्या पट्टीतून मला कापले, घासले, माझ्या अंगावर केसाइतक्या बारीक रेघा कोरल्या. एक स्थिर जबडा, एक सरकता जबडा, आणि दोन्ही मिटले की मधून उजेडाची चीरसुद्धा दिसू नये, अशी माझी घडण. तपासनिसाने माझ्याबरोबरच्या तिघांना नापास करून बाजूला टाकले. मला त्यांचे वाईट वाटले नाही. चुकीचे माप दाखवणाऱ्याने जगात हिंडूच नये, असे माझे तेव्हाही मत होते.

महाविद्यालयात मला सांभाळले ते देवराम यांनी. ते प्रयोगशाळेतले मदतनीस होते. मला काढताना आणि ठेवताना ते मऊ फडक्याने पुसायचे, आठवड्यातून एकदा तेलाचा थेंब लावायचे. विद्यार्थी आले की दारातच थांबवायचे.

"हात धुतले का? नाय ना? मग धुवा आधी. भेळ खाल्लेल्या हातानं ह्याला शिवायचं नाय."

बेडकांची हाडे, खेकड्यांच्या नांग्या, शिंपले, सारे माझ्या जबड्यांतून गेले. वर्षानुवर्षे मुले म्हणायची, "सर, हाच बरोबर दाखवतो." मी त्या कौतुकाला कधी भुललो नाही. बरोबर दाखवणे हे माझे कामच होते. पण खरे सांगतो, ऐकायला बरे वाटायचे.

मग देवराम निवृत्त झाले आणि डॉ. चांदवडकर सर विभागप्रमुख झाले. त्यांच्याविषयी बोलताना मला जीभ आवरावी लागते, म्हणून थोडक्यात सांगतो. सरांना शास्त्रज्ञ म्हणवून घ्यायची फार हौस होती, शास्त्राची मात्र फारशी नव्हती. त्यांनी मला मखमली पेटीतून काढून टेबलाच्या खणात टाकले. तिथे माझ्या शेजारी रबरबँड, संपलेले सेल, सुकलेली स्टॅम्पपॅडची डबी आणि एक प्लॅस्टिकचा कॅलिपर होता. त्या प्लॅस्टिकच्या प्राण्याची ओळख करून देण्याइतका तो महत्त्वाचा नाही. सरांना माझी आठवण फक्त एका कामासाठी व्हायची. त्यांच्या घरून आलेल्या लाडवांच्या डब्याचे झाकण घट्ट बसायचे. ते झाकणाच्या फटीत माझ्या जबड्याची टोके खुपसायचे आणि जोर लावून उचकटायचे. मिलिमीटरचा पन्नासावा भाग ओळखणारा मी, आणि माझ्याकडून काय करून घेतले, तर डबा उघडून घेतला!

अशी सहा वर्षे गेली. मग एका दुपारी खण उघडला आणि रोहिणीने मला बाहेर काढले.

रोहिणी सातपूरच्या कामगार वसाहतीतली. तिचे वडील झुंबर एका कारखान्यात यंत्रावर काम करायचे. ती महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास मिळतील तितकेच शिकवायची आणि चांदवडकर सरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करत होती. तिने मला रॉकेलने पुसले, फडक्याने घासले, उजेडात धरून म्हणाली, "अरे वा, हा तर अजून चमकतोय." जबडे मिटल्यावर शून्याच्या रेघेवर शून्याची रेघ बसते की नाही, हे तिने तपासले नाही. चकाकी बघून विश्वास ठेवला. मीही काही बोललो नाही, कारण माझाही माझ्यावर तसाच विश्वास होता.

आता सरांची करामत ऐका. रोहिणीने मला बाहेर काढले त्याच्या दोन वर्षे आधी सर समुद्रकिनारी सहलीला गेले होते. तिथून त्यांनी बरणीत घालून अकरा छोटे मासे आणले. दिसायला ते ढोम्यासारखे होते. ढोमा हा समुद्रातला साधा, चंदेरी, रोज खाल्ला जाणारा मासा. पण या अकरा माशांचे डोळे डोक्याच्या मानाने फार मोठे होते. मोठ्या ढोम्याच्या डोक्यात डोळा पाचवा हिस्सा जागा घेतो. या अकरांत तो जवळजवळ तिसरा हिस्सा घेत होता. डोकेही अंगाच्या मानाने मोठे. एवढे बघून सरांनी ठरवून टाकले की ही माशांची नवी जात आहे. जगाला अजून माहीत नसलेली जात, आणि ती शोधली कोणी, तर समुद्रापासून घाट चढून एवढ्या लांब बसलेल्या त्यांनी. त्या जातीला संस्थेच्या अध्यक्षांचे नाव द्यायचेही ठरले होते.

"रोहिणी, तू फक्त साधे ढोमे मोज," सर म्हणाले. "मोठे बघून घे. शेजारी माझे अकरा ठेवू. फरक आपोआप दिसेल."

रोहिणी दर शनिवारी सकाळी मला पिशवीत घालून जुन्या नाशकातल्या मासळी बाजारात जाऊ लागली. मुंबईहून बर्फात आलेल्या पेट्या तिथे फुटायच्या. तिथे नवसाबाई बसायच्या. हात बर्फाने लाल झालेले, समोर लाकडी पाट, आणि आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे जाईल. रोहिणीने पहिल्या दिवशी माशाच्या डोक्याला माझे जबडे लावले तेव्हा त्या खो खो हसल्या.

"पोरी, त्याला काय चष्मा करायचा हाय का?"

पण त्यांनी हाकलले नाही. रोहिणी प्रत्येक माशाची तीन मापे घ्यायची. पूर्ण लांबी, ती एका लाकडी फळीवर, कारण तेवढे मोठे तोंड मला नाही. मग डोक्याची लांबी आणि डोळ्याची रुंदी, ही माझ्याकडे. ओल्या, निसरड्या, खवल्यांनी भरलेल्या त्या कामाची मला आधी किळस आली. पण रोहिणी एकेक माप तीनदा घ्यायची. मला तिच्याविषयी थोडा, अगदी थोडा, आदर वाटू लागला.

सरांनी मोठेच मासे मोजायला सांगितले होते. रोहिणीने मात्र पेटीच्या तळाशी उरलेली बारीक मासळीही मागून घेतली आणि मधल्या आकाराचेही घेतले. का, असे नवसाबाईंनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, सगळे बघितल्याशिवाय कसं कळणार?"

आठ महिन्यांत तीनशे बारा ढोमे माझ्या जबड्यांतून गेले. एका शनिवारी तिने मोबाइलवर सरांच्या अकरा माशांचा फोटो नवसाबाईंना दाखवला.

"मावशी, ही कुठली जात?"

नवसाबाईंनी एकदाच बघितले. "ही व्हय? ढोम्याची पोरं हायत."

"पण डोळे बघा ना केवढे."

"मग? तान्ह्या लेकराचं डोकं बघितलं नाय का कधी? अंगापरीस डोकंच मोठं आसतंय. त्याला काय कुणी येगळी जात म्हणतंय? मासा वाढला की आंग वाढतंय, डोकं वाढतंय. डोळा कितीसा वाढायचा? मागं पडतो."

मला त्या क्षणी राग आला. माप नाही, आकडा नाही, नुसती नजर! पण त्या आठवड्यात रोहिणीने तीनशे बारा माशांचे आकडे कागदावर मांडले आणि राग गिळावा लागला. एका बाजूला माशाची लांबी, दुसऱ्या बाजूला डोळ्याचा डोक्यातला हिस्सा. सहा सेंटिमीटरच्या माशापासून चोवीस सेंटिमीटरच्या माशापर्यंत ठिपके एका उतरत्या वाटेवर ओळीने बसले होते. वाट कुठेही तुटली नव्हती. सरांनी स्वतः मोजलेले त्यांचे अकरा मासे त्याच वाटेच्या सुरुवातीला बसले होते, आपल्या भावंडांच्या रांगेत.

ती नवी जात नव्हती. ती पिल्ले होती.

रोहिणीने तो कागद सरांपुढे ठेवला. सरांनी ठिपक्यांच्या वाटेवरून बोट फिरवले. त्यांना कळले नाही असे नाही. कळले, म्हणूनच मला त्यांची जास्त शिसारी येते.

"हे मधले कशाला घेतलेस?" त्यांनी विचारले.

"मधले मोठ्या संख्येने मिळाले, सर. एकशे चाळीस आहेत."

"मधले काढून टाक. लहान एका बाजूला, मोठे एका बाजूला. दोन वेगळे गट दिसतात बघ."

"पण सर, मधले आहेत ना."

"तुझ्या प्रबंधावर सही माझी लागते, रोहिणी. पुढच्या सत्राचे तासही मीच वाटतो. विचार कर."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल रोहिणी ताडकन उठून बाणेदार उत्तर देऊन निघून गेली. तशी माणसे तुमच्या धड्यांत असतात. हिने कागद उचलला. घरी जाऊन तिने मधल्या एकशे चाळीस माशांशिवाय दुसरा कागद केला. खरोखरच दोन गट दिसले, मधे रिकामी जागा. तो कागद तिने दोन दिवस दप्तरात ठेवला. त्या दोन दिवसांत मला तिचा जितका तिरस्कार वाटला, तितका लाडवांच्या डब्याचाही कधी वाटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिने तो फाडला आणि सरांना सांगितले, "सर, मधले मासे मी काढणार नाही."

सर शांतपणे हसले. विभागातल्या सगळ्यांसमोर ते म्हणाले, "त्या गंजक्या कॅलिपरने मोजलेले आकडे कोण मानणार? साधनच सदोष आहे. तिचे सगळे माप बाद."

सदोष! मी! खणात पडून काय काय सोसले, पण असा अपमान झाला नव्हता. मला खात्री होती की आता सरांचे तोंड बंद होणार. रोहिणीने मला घरी नेले. रविवारी सकाळी झुंबर ओट्यावर चहा पीत बसले होते. तिने मला त्यांच्या हातात दिले.

"पप्पा, हा बरोबर आहे हे लिहून पाहिजे. तुमच्या कारखान्यात तपासता येईल का?"

झुंबर यांनी आयुष्यभर यंत्रावर माप सांभाळले होते. त्यांनी घाई केली नाही.

"आधी ह्याचं तोंड मिटव," ते म्हणाले.

रोहिणीने माझे जबडे मिटले. झुंबर यांनी मला उन्हाकडे धरले, डोळे बारीक केले. मग चष्मा लावून पुन्हा बघितले.

"शून्यावर शून्य नाही बसत, बाळा. तिसरी रेघ जुळतेय. एका रेघेला मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे शून्य पूर्णांक शून्य सहा मिलिमीटर जास्त दाखवतोय हा. कुणीतरी ह्यानं काहीतरी उचकटलंय."

मित्रांनो, त्या सकाळी मला काय वाटले ते मी कोणाला सांगणार नव्हतो. तीनशे बारा मासे. प्रत्येकाचे डोके, प्रत्येकाचा डोळा. मी प्रत्येक वेळी खोटे बोललो होतो, थोडेसे, पण न चुकता. नापास झालेल्या त्या तिघांची मला आठवण झाली.

रोहिणीचा चेहरा उतरला. "म्हणजे सर खरं बोलले."

"चूक आहे हे खरं बोलले. माप बाद आहे हे नाही." दुसऱ्या दिवशी झुंबर मला जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून कारखान्यात घेऊन गेले. तिथे ठरलेल्या जाडीचे पोलादी ठोकळे असतात, माप तपासायला. त्यांनी दहा मिलिमीटरचा ठोकळा माझ्या जबड्यात धरला. मी दहा पूर्णांक शून्य सहा दाखवले. पंचवीसचा धरला, पंचवीस पूर्णांक शून्य सहा. पन्नासचा धरला, तेच. संध्याकाळी त्यांनी तपासणीचा कागद रोहिणीपुढे ठेवला.

"चूक सगळीकडे सारखी आहे. प्रत्येक मापातून तेवढी वजा कर. पण एक विचारतो. हे तू लोकांना सांगणार का?"

रोहिणीने माझे जबडे उघडून पुन्हा मिटले. "सांगितलं तर सर तेवढंच धरून बसतील."

"बसतील. नाही सांगितलंस तर तू आणि ते एकाच बाकावर बसाल."

तिने आठवडाभर सहाशे चोवीस आकड्यांतून शून्य पूर्णांक शून्य सहा वजा केले. हाताने केले, मग संगणकावर पडताळले. ठिपके केसभर हलले. वाट तीच राहिली.

सरांची नवी जात जाहीर करण्यासाठी महाविद्यालयाने ठेवलेल्या चर्चासत्राचा दिवस आला. प्रवेशद्वारावर मोठा फ्लेक्स लागला होता, त्यावर डावीकडे अध्यक्षांचा फोटो, उजवीकडे माशाचा, दोन्ही एकाच आकाराचे. कार्यक्रमपत्रिकेत रोहिणीचे नाव नव्हते. सर अर्धा तास बोलले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवायला कळावे लागत नाही. मग हा शोध पारखायला मुंबईहून बोलावलेल्या परीक्षक बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"मधल्या आकाराचे मासे पाहिलेत का?"

"प्रयत्न केला, मॅडम. मिळाले नाहीत," सर म्हणाले.

मागच्या रांगेतून रोहिणी उभी राहिली. "मिळाले, मॅडम. एकशे चाळीस. काही मी आणलेत."

ती प्रयोगशाळेच्या फ्रीजमधला मोठा ट्रे घेऊन आली आणि टेबलावर ठेवला. बत्तीस ढोमे, सर्वांत लहान बोटाएवढा, सर्वांत मोठा वीतभर, ओळीने मांडलेले. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला.

"दाखवण्याआधी एक सांगायचं आहे," ती म्हणाली. "माझ्या कॅलिपरमध्ये चूक आहे. तो शून्य पूर्णांक शून्य सहा मिलिमीटर जास्त दाखवतो. मी सुरुवातीला तपासलं नव्हतं, ती माझी चूक. हा तपासणीचा कागद. तेवढं सगळ्या मापांतून वजा केलंय."

"ऐकलंत?" सर उठून उभे राहिले. "स्वतःच सांगतेय! साधन सदोष आहे!"

परीक्षक बाईंनी कागद वाचला, मला हातात घेतले, जबडे मिटून उजेडात बघितले. "तिसरी रेघ. बरोबर सांगतेय." मग त्यांनी स्वतः पाच मासे मोजले आणि रोहिणीच्या वहीशी ताडून पाहिले. मग पेन्सिल सरांच्या हातात दिली.

"सर, या रांगेत तुमची नवी जात कुठे संपते आणि ढोमा कुठे सुरू होतो, तिथे ही पेन्सिल ठेवा."

सरांनी पेन्सिल सहाव्या आणि सातव्या माशाच्या मधे नेली. ते दोन मासे सख्ख्या भावांसारखे होते. मग त्यांनी ती दहाव्यापाशी नेली. मग मागे आणली. सभागृहात कोणीतरी फिसकन हसले. शेवटी त्यांनी पेन्सिल ट्रेच्या बाहेर ठेवली.

अध्यक्षांनी रुमालाआडून विचारले, "म्हणजे माझ्या नावाचा मासा?"

"बाळ आहे, साहेब," परीक्षक बाई म्हणाल्या. "मोठा झाला की ढोमाच."

शनिवारी रोहिणीने बाजारात जाऊन सांगितले, "मावशी, तुमचंच खरं निघालं."

"त्यात निघायचं काय?" नवसाबाई खवले काढत म्हणाल्या. "पर तू चांगलं केलं. मला कोण इचारतंय? तुझं लिहून ऱ्हाईल."

तुम्हाला गोड शेवट हवा असेल, तर तो नाही. चांदवडकर सर अजून विभागप्रमुख आहेत. पुढच्या सत्रात रोहिणीला एकही तास मिळाला नाही. तिला दुसऱ्या महाविद्यालयात नव्या मार्गदर्शक शोधाव्या लागल्या, त्यात दीड वर्ष गेले. पण प्रबंध पूर्ण झाला. आता ती दिंडोरीत बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते, द्राक्षबागांच्या रस्त्याने रोज एसटीने जाते. विभागाने मला निकामी ठरवून यादीतून काढले, तेव्हा तिने रीतसर अर्ज करून मला मागून घेतले.

मी आता तिच्या प्रयोगशाळेत भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या कमरेला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आहे. त्यावर तिच्या अक्षरात लिहिले आहे: "शून्य पूर्णांक शून्य सहा जास्त दाखवतो. वजा करा." पहिल्या दिवशी ती चिठ्ठी मला गळ्यात बांधलेल्या चपलेसारखी वाटली. मुले ती मोठ्याने वाचून हसायची.

आता मी बाकीच्यांकडे बघतो. कपाटात नवे तराजू आहेत, चकचकीत तापमापके आहेत, अंकांचा पडदा असलेला एक कॅलिपरही आला आहे. एकाच्याही अंगावर चिठ्ठी नाही. जणू त्यांच्यात कोणाची चूकच नाही! मला त्यांची कीव येते, आणि खरे सांगायचे तर तुमचीही. मित्रांनो, आम्हाला पुसा, तेल लावा, आमच्याकडून डबे उघडवू नका, एवढे तर कराच. आणि दुसऱ्याला मोजायला निघण्याआधी एकदा स्वतःचे तोंड मिटून उजेडाकडे धरा. कोणती रेघ जुळते ते बघा आणि ती चिठ्ठीवर लिहा. सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात.